दुलारीच्या कार्डावरच्या खुणा

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडातून एकदाच बाहेर पडली, आणि जिच्यासमोर पडली तिला ऐकू येत नव्हतं. मला ते माहीत होतं. म्हणून तर बोलले. तेव्हा ती वेळ धरू नका – कोणालाच सांगितलेली नाही, असंच समजा. नवऱ्याला नाही, मुलाला नाही, विहारातल्या बायकांना तर नाहीच. त्यांना सकाळी सांगितलेलं संध्याकाळपर्यंत भिलाईला पोचतं.

आता का सांगते? माझ्या नातीमुळे. रितू तिचं नाव, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि घरात तिला शिकायला एकच पेशंट मिळाला – मी. मला शुगर आहे, बीपी आहे, गुडघे आहेत. सकाळ-संध्याकाळ ही पोट्टी माझ्यासमोर उभी राहते. "आजी, मुँह खोलो. जीभ उठाओ." मराठी सगळी समजते तिला, पण उत्तर हिंदीतच. गोळी गिळली की कॅलेंडरवर त्या तारखेला खूण. पेन दोरीनं बांधून ठेवलंय, मी पळवू नये म्हणून.

पण मी काय आजची आहे? गोळी गालात कशी दाबायची आणि जीभ कशी उचलायची, हे मला ती बोबडं बोलत होती तेव्हापासून माहीत आहे. ती वळली की गोळी कोरफडीच्या कुंडीत. त्या कोरफडीची शुगर आता अगदी नॉर्मल असेल.

मागच्या आठवड्यात पकडली गेले. कुंडीतली माती उकरताना तिला गोळ्या सापडल्या, फुगलेल्या, पांढऱ्या. मला वाटलं ओरडेल. ओरडली नाही. गोळ्या हातात घेऊन कॅलेंडरकडे बघत राहिली आणि म्हणाली, "फिर टिक लगाने का क्या मतलब, आजी?"

मग खूण कशाला करायची?

मी हसले. दात नसलेलं तोंड पसरून चांगली खिदळले. मग न्हाणीघरात गेले, कडी लावली आणि उलट्या बादलीवर बसून राहिले. किती वेळ – ठाऊक नाही. सून दार वाजवून गेली.

कारण हाच प्रश्न मला एकोणीस वर्षांपूर्वी कोणीतरी विचारायला हवा होता. कोणी विचारला नाही. कोण विचारणार? कार्ड इतकं सुंदर भरलेलं होतं.

तेव्हाची मी कशी होते ते आधी सांगते, म्हणजे तुम्हालाही तिची थोडी मजा वाटेल. सेहेचाळीस वर्षांची बाई. दहावी नापास, पण सही इंग्रजीत. पदराला पिन, मनगटावर घड्याळ – बंद पडलेलं – आणि पर्समध्ये दोन पेनं, एक निळं, एक काळं. नवरा रेल्वेत, उरल्याच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या वस्तीत आमचं दोन खोल्यांचं पक्कं घर. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, पक्की घरं मोजकीच. म्हणजे आम्ही मोठी माणसं! आणि वर मी मितानिन झालेली. आमच्या छत्तीसगढात वस्तीतल्या लोकांच्या आरोग्याचं बघणाऱ्या बाईला मितानिन म्हणतात. शब्दाचा अर्थ मैत्रीण. साधीसुधी नाही, जन्माची, शपथ घेऊन केलेली. मी मैत्रीण कसली – मला 'डॉक्टर दीदी' म्हणवून घ्यायचं होतं. ट्रेनिंगमध्ये सगळ्यांत जास्त प्रश्न मीच विचारले. उत्तरं मात्र ऐकली नाहीत.

त्या वर्षी माझ्याकडे एक लाल खोका आला. टीबीच्या औषधाचा. सहा महिन्यांच्या गोळ्या एकाच खोक्यात, आणि खोक्यावर पेशंटचं नाव – दुलारी. हे औषध पेशंटच्या घरी जात नसे. खोका माझ्याकडे. सोमवार, बुधवार, शुक्रवार पेशंटनं माझ्या दारात यायचं, मी पाणी द्यायचं, पट्टी फोडायची, गोळ्या तिनं माझ्या डोळ्यांसमोर गिळायच्या, तोंड उघडून दाखवायचं. रिकामी पट्टी परत खोक्यात. मग कार्डावर खूण. काही अवघड आहे यात? माझी नात एका हातात मोबाइल धरून करते.

दुलारी आमच्याच पाऱ्यातली, मागच्या गल्लीतली. रेजाचं काम करायची – बांधकामावर डोक्यावर घमेली वाहायची. तिचा नवरा बिसाहू उरल्याच्या एका रोलिंग मिलमध्ये ठेकेदाराकडे होता. काळा, उंच, कमी बोलणारा. संध्याकाळी पाऱ्यात शिरला की अंगावर लोखंडाची धूळ. दुलारी मात्र बोलकी. तिशीची असेल. खोकता खोकता हसायची आणि हसता हसता खोकायची.

पहिले दोन आठवडे मी नियमानं वागले. नाही – पहिला आठवडा. नाही. खरं सांगायला बसले आहे ना? पहिला दिवस.

त्या पहिल्या दिवशी ती माझ्या ओसरीवर बसून माझ्या स्टीलच्या पेल्यातून पाणी प्यायली, गोळ्या गिळल्या आणि तिला ठसका लागला. ती गेल्यावर मी तो पेला चिमट्यानं उचलला. चिमट्यानं! आणि मागच्या भिंतीवर ठेवून दिला, कावळ्यांसाठी. बुधवारपासून मी ओसरीचं दार लावून घेतलं. दुलारी यायची, खिडकीशी उभी राहायची, मी गजांमधून पट्टी खाली सोडायची, ती हाताची ओंजळ करून झेलायची.

"घरे म खा लेहूं, दीदी," म्हणायची. घरीच खाईन.

"हव, हव," मी म्हणायची. हो, हो, जा लवकर.

आमच्या रेल्वेवाल्यानं एकदा ते पाहिलं. म्हणाला, "काहून वं, रिझर्वेशनची खिडकी उघडली का?" मी त्याच्यावरच खेकसले, की घरात लहान बाळ आहे, दिसत नाही का? बाळ म्हणजे ही रितूच, तेव्हा दोन महिन्यांची.

बघा, बाळ आलंच. मी हे मनात कितीदा सांगितलं असेल – घरात बाळ होतं, आजीचं काळीज, काय करणार! ऐकायला किती चांगलं वाटतं. पण पेला चिमट्यानं उचलला तेव्हा सून बाळंतपणाला माहेरी होती. रितूचा जन्मही झाला नव्हता. मी भ्याले ते माझ्यासाठी.

आणि एक गोष्ट – ही लिहू की नको, असं दोनदा झालं. माझी आई भंडाऱ्याकडच्या खेड्यातली. तिला लहानपणी विहिरीवर पाणी वरून घालायचे. ती खाली ओंजळ धरून बसायची, वरची बाई हात उंच करून पाणी सोडायची, निम्मं अंगावर सांडायचं. आईनं हे मला हजारदा सांगितलं होतं. मी ते विहारातल्या कार्यक्रमात माइकसमोर सांगून टाळ्या घेतल्या होत्या, डोळे पुसून घेतले होते. ती मी. आणि खिडकीतून पट्टी वरून सोडणारी – तीही मीच. मला त्या पाच-सहा महिन्यांत एकदाही आई आठवली नाही. आठवली असती तर काय, दार उघडलं असतं? कोण जाणे.

अजून मी मूळ मुद्द्यावर आलेलीच नाही. फिरते आहे भोवती, मांजर दुधाभोवती फिरतं तशी.

दोन महिन्यांत दुलारीला उतार पडला. खोकला कमी झाला, गालावर थोडं मांस आलं. मी पाऱ्यात मिरवलं – माझी पेशंट! एका शुक्रवारी ती खिडकीशी आली, गजाला तोंड लावून हळूच हसली आणि म्हणाली, "दीदी, ये दवई म तो हमर दुनों झन के पिशाब लाल हो गे हे."

त्या गोळ्यांनी लघवी लाल-नारिंगी होते. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, घाबरू नका म्हणून. ते मी ऐकलं होतं. पण – दुनों झन? दोघांची?

मी पट्टी गजांच्या आत ओढून घेतली.

मग तिनंच सांगितलं, पदर तोंडावर धरून, शाळेतल्या पोरीनं गुपित सांगावं तसं. बिसाहूलाही खोकला होता. माझ्या कागदावर प्रश्न होता – घरात आणखी कोणी खोकतं का? मी तो खिडकीतूनच विचारला होता, तिनं नाही म्हटलं होतं, मी नाही लिहिलं होतं. तिच्या घरी जाऊन बघायचं होतं ते मी गेले नव्हते. बिसाहू तपासायला जाईना. मिलच्या गेटवर खोकणाऱ्याला आत घेत नाहीत, आणि टीबीचं नाव निघालं तर ठेकेदार पुन्हा उभा करणार नाही. मग दुलारीनं तोड काढली. एक दिवसाच्या गोळ्या ती घ्यायची, पुढच्या दिवशीच्या तो. ताटातली भाकर मोडून द्यावी तसं. तिला वाटत होतं, दोघंही बरे होतायत. थोडे हळू, पण दोघंही.

तुम्हाला कळलं ना काय होत होतं? अर्ध्या औषधानं ते जंतू मरत नाहीत. शहाणे होतात. मला माहीत होतं. हे तरी मी ऐकलं होतं.

मी काय करायला हवं होतं? सेंटरवर जाऊन चार वाक्यं सांगायची. साहेब, दुलारीचा नवराही खोकतो. ती त्याला आपल्या गोळ्या देते. त्याची थुंकी तपासा. त्याच्या नावाचा दुसरा खोका द्या. औषध सरकारी होतं, फुकट होतं. दुसरा खोका सायकलवर बांधून आला असता.

पण मग साहेबांनी विचारलं असतं – गोळ्या तर तुमच्यासमोर गिळायच्या होत्या ना? मग नवऱ्याच्या तोंडात कशा गेल्या?

म्हणून मी गजांमधून पट्टी सोडली. "हळू बोल," एवढंच म्हणाले. आणि आत येऊन कार्डावर खूण केली.

दुलारीनं त्याचा काय अर्थ लावला माहीत आहे? तिला वाटलं, मला दया आली. मला सगळं कळतं आणि तरी मी डोळेझाक करते आहे, तिच्या माणसाची रोजी वाचावी म्हणून. "तोर गुन ल नइ भुलावंव, दीदी," म्हणाली. तुझे उपकार विसरणार नाही. पुढच्या सोमवारपासून ती रिकाम्या हातानं आली नाही. तिवरा भाजी, मुनग्याच्या शेंगा, काही ना काही पदराच्या टोकात बांधून. मी ते गजांमधून घ्यायची, गोड हसायची आणि ती वळली की गाईला घालायची. गाय तरी धीट होती.

थंडीच्या दिवसांत तिचा खोकला परत आला. पाचव्या महिन्याच्या तपासणीत थुंकीत जंतू तसेच निघाले, आणि सुपरवायझर साहेब चौकशीला येणार म्हणून मला निरोप आला. सकाळी निरोप, दुपारी साहेब.

कार्ड काढून बघितलं – तीन आठवड्यांच्या खुणाच नव्हत्या. खोटी खूण करायचासुद्धा आळस केला होता मी! बसले आणि भरल्या. दोन पेनं होती ना? एक खूण निळ्यानं, दोन काळ्यानं, मग परत निळ्यानं. एक जरा तिरकी, एक जरा पुसट. एका ठिकाणी मुद्दाम चहाचा थेंब पाडला. काय कलाकार बाई! आयुष्यात मी एवढ्या मन लावून दुसरं काही लिहिलेलं नाही.

साहेब आले, मोटरसायकल उन्हात लावली. दुलारीला बोलावून घेतलं. त्या दिवशी ओसरीचं दार उघडं होतं, बरं का – साहेबांसाठी. दुलारी उंबऱ्यापाशी थबकली, माझ्याकडे बघितलं, आणि बाहेरच्या पायरीवर उकिडवी बसली. साहेबांनी कार्ड उलटंसुलटं पाहिलं. खोका उघडून रिकाम्या पट्ट्या पाहिल्या – त्या दुलारी इमानानं परत आणून द्यायची, सगळ्या होत्या.

"आपके सामने खाती है?"

"मेरे सामने, साहब. मुँह खुलवाके देखती हूँ."

बघा, तोंड उघडून. ते माझं स्वतःचं भरीचं.

मग ते दुलारीकडे वळले. तेच विचारलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. पायरीवरचा खडा बोटानं फिरवत होती. तिनं खरं सांगितलं असतं तर बिसाहूचं कळलं असतं, आणि माझंही. मी देवाला मानत नाही, पण त्या क्षणी कोणाला तरी हात जोडले – ती खोटं बोलू दे.

"हव साहेब," ती म्हणाली. "दीदी के आघू म खाथंव."

दीदीसमोरच खाते.

ती मला वाचवत होती. कळतंय ना? उपकार फेडत होती.

साहेबांनी मान हलवली आणि लिहिलं. कार्ड चोख, पट्ट्या चोख, पेशंटची साक्ष चोख – म्हणजे दोष औषधाच्या जोराचा. माझं कौतुकही केलं, हस्ताक्षराचं. लाल खोका गेला, निळा आला, आणि बरोबर सुया. बिसाहूचं नाव कुठल्याच कागदावर आलं नाही.

तो उन्हाळ्यात गेला. मिलमध्येच रक्ताची उलटी झाली, ठेकेदारानं रिक्षात घालून पाठवून दिला, तिसऱ्या दिवशी संपलं. मी त्याच्या मातीला गेले. मागे उभी राहिले, नाकाला पदर लावून. लोकांना वाटलं, रडते आहे.

दुलारीला निळ्या खोक्यानंही गुण आला नाही. तिची थुंकी लांब कुठेतरी पाठवली, चिठ्ठी आली की नेहमीच्या औषधांना जंतू दाद देत नाहीत. मग मोठा दवाखाना, दुसरी औषधं, रोज एक सुई, महिनोन्‌महिने. त्या सुयांनी आधी तिच्या कानात शिट्ट्या वाजायला लागल्या, मग एकेक आवाज गेला. पाऱ्यात सांगत होते – दुलारी बहिरी झाली, शेजारणीनं मागून ताट आपटलं तरी वळली नाही.

ते ऐकलं, आणि मग मी तिच्या घरी गेले. तेव्हा. आधी नाही. माझं धाडस बघा!

भर दुपारची वेळ. तिच्या घरात मी पहिल्यांदाच शिरत होते, एवढी जवळ राहून. शेणानं सारवलेली जमीन, खुंटीवर बिसाहूचा शर्ट, तसाच धुळीचा. ती खाटेवर बसली होती, मूठभर झालेली. मला बघून उठली, हसली. मी दाराजवळ खाली बसले आणि बोलायला लागले. सगळं बोलले. तेही मराठीत, जी तिला कळत नव्हती. चिमटा, पेला, खिडकी, दोन पेनं, साहेब – एकही गोष्ट सोडली नाही. तू मला दयाळू समजलीस, मी भित्री होते; तुझा माणूस माझ्या हस्ताक्षराखाली गेला. सगळं. ती माझ्या ओठांकडे बघत होती. मधूनमधून मान हलवत होती.

"हव दीदी," म्हणाली. "हव."

आणि मला – लाज नाही वाटली, हेच सांगायचंय – मला हलकं वाटलं. सुटले एकदाची, असं.

मग ती उठली. भिंतीला धरत कोपऱ्यात गेली, घागरीतून पेलाभर पाणी घेतलं आणि माझ्यासमोर धरलं. उन्हातून आलेल्या माणसाला पाणी द्यायचं असतं. पेला स्टीलचा, घासून लख्ख केलेला. मी दोन्ही हातांनी घेतला. ओठांना लावला, मान मागे टाकली, घशाची घाटी दोनदा हलवली – अगदी प्यायल्यासारखी. ओठ मिटलेले होते. थेंब आत जाऊ दिला नाही. आता गोळी गालात धरते ना, ते माझं तेव्हापासूनच चांगलं जमतं. पदरानं ओठ पुसले, पेला परत दिला, हात जोडले.

तिनं पेला घेतला. हाताला तो जड लागला असणार. तिनं आत बघितलं – काठोकाठ होता. मग माझ्याकडे बघितलं. मी बोलले त्यातलं एक अक्षर तिच्या कानांत गेलं नव्हतं. पण हे तिला दिसलं.

तिनं तोच पेला तोंडाला लावला, माझ्यासमोर, माझ्याकडे बघत, घोट घोट करून सगळं पाणी स्वतः प्यायली. मग रिकामा पेला मला दिसेल असा कलता धरला.

पुढच्या थंडीत दुलारी गेली. मी तेव्हाही गेले होते, मागेच उभी होते.